जखम पायाला, धास्ती दवाखान्याची

मधुमेह जुना झाला की पायाच्या बाबतीत सगळं उलटंच होऊन बसतं. तळव्यात खिळा रुतला तरी कळत नाही, आणि दवाखान्याची पाटी दिसली की छातीत धडधडायला लागतं. पहिल्या गोष्टीबद्दल, म्हणजे बधिर झालेल्या पायाबद्दल, डॉक्टरांनी भरपूर लिहिलं आहे. दुसरीबद्दल आपल्याकडे बोलणं कमी. जो येतच नाही त्याचा केसपेपर निघत नाही, आणि तो शेवटी येतो तेव्हा 'पेशंट उशिरा आला' एवढी एकच ओळ कागदावर लिहिली जाते. तो उशिरा का आला, हा या लेखाचा विषय.

प्रश्न केवढा आहे ते आधी पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाखांच्या घरात निघाली. राज्यांमध्ये पहिला नंबर गोव्याचा, प्रौढांमध्ये २६.४ टक्के. जगभरच्या अभ्यासांचा अंदाज असा की, मधुमेहींपैकी १९ ते ३४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी पायाला न भरणारी जखम होते. त्यातल्या निम्म्याहून अधिक जखमांत जंतुसंसर्ग शिरतो. हा संसर्ग मध्यम किंवा तीव्र असेल तर साधारण पाचातल्या एकाचा पायाचा काही ना काही भाग काढावा लागतो. हा शेवटचा आकडा आपल्याकडे नेहमी याच बाजूने सांगितला जातो. पाचातल्या चौघांचं काहीच कापावं लागत नाही, हे त्याच आकड्यात आहे. मात्र हा हिशोब उपचाराला पोहोचलेल्यांचा आहे. घरी हळद-तेल लावत बसलेल्यांचा नाही.

पाय बधिर का होतो, आणि बधिर पाय का नासतो, याचं ज्ञान बरंचसं आपल्याच देशातून जगाला गेलं, तेही कुष्ठरोगाच्या वाटेने. पॉल ब्रँड हे तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत १९१४ साली जन्मलेले सर्जन. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की, कुष्ठरुग्णांची बोटं रोगजंतू थेट खात नाहीत. वेदना जाणवत नाही म्हणून तीच ती इजा पुन्हा पुन्हा होत राहते, आणि त्यात बोटं जातात. पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेल्यावर त्यांनी हीच समज मधुमेहींच्या पायाला लावली. आज पायाची संवेदना तपासायला जो १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा दोरा वापरतात, त्याच्यासारखेच दोरे कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतही वापरले जातात. वेदना ही शरीराची हाकाटी आहे. ती बंद पडली की माणसाला दवाखान्यापर्यंत ढकलणारं शरीरात काही उरत नाही. मग 'दुखत नाही ना, मग बघू की पुढच्या आठवड्यात' हे वाक्य अगदी शहाणपणाचं वाटायला लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला तर तेवढंच निमित्त हवं असतं.

जखमेची सुरुवातही आपल्याकडे आपल्या पद्धतीने होते. अंगठ्याच्या चपलेचा पट्टा बेचक्यात घासतो. कुरूप घरीच ब्लेडने तासलं जातं. वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा झाली की तळव्याला फोड येतात आणि ते संध्याकाळी मोजा काढल्यावर दिसतात. बोट सुजतं आणि जोडवं रुतत जातं. ते कापून काढायचं म्हटलं की बाई आधी देवाकडे बघते. झोपेत उंदराने बोट कुरतडलं आणि सकाळी चादरीवरचं रक्त पाहून कळलं, असे रुग्ण भारतात आणि टांझानियात दोन्हीकडे नोंदले गेले आहेत. या दोन देशांना जोडणारा एक उपक्रम नागपूरशी निगडित आहे. डॉ. शरद पेंडसे आणि दार-ए-सलामचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी २००४ पासून 'स्टेप बाय स्टेप' या नावाने डॉक्टर आणि परिचारिका अशा जोड्यांना मधुमेही पायाचं प्रशिक्षण दिलं. परिचारिका जोडीला असण्याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. घाबरलेला माणूस मोजा पहिल्यांदा सहसा तिच्यासमोरच काढतो.

आता धास्तीकडे येऊ. अमेरिकेत डेन वुकिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधुमेहींना विचारलं होतं, तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? पर्यायांत अंधत्व होतं, डायलिसिस होतं, मृत्यूही होता. ज्यांच्या पायाला आजार होता, त्यांना मृत्यूपेक्षा पाय जाण्याची भीती मोठी वाटत होती. आपल्याकडे हे विचारायला अभ्यासही लागणार नाही. गावातल्या प्रत्येक आळीत एक तरी माणूस असतो, जो 'बोटाला जरासं लागलं' म्हणून जिल्ह्याच्या गावी गेला आणि गुडघ्याखाली रिकामा परत आला. ही गोष्ट खरी असते. फक्त तिचा पहिला अर्धा भाग कोणी सांगत नाही. तो माणूस जाण्याआधी तीन आठवडे घरी बसून होता, जखमेला वास सुटला होता, घोट्यापर्यंत काळं पडलं होतं. उशिरा गेला म्हणून पाय गेला. पण ऐकणाऱ्याच्या मनात राहतं ते 'गेला म्हणून पाय गेला'. त्या ऐकणाऱ्याच्या पायाला जखम झाली की तोही थांबतो. अशी एकाची भीती दुसऱ्याचा पाय घेते. तेव्हा या धास्तीला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. ती डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून काढलेला चुकीचा निष्कर्ष आहे, आणि असा निष्कर्ष उपदेशाने मोडत नाही.

घरचे लोक मात्र नेमका उपदेशच करतात. तोही धाक दाखवून. 'आत्ता नाही गेलात तर पाय कापावा लागेल!' हे वाक्य प्रेमापोटी बोललं जातं. परिणाम असा होतो की, ज्याच्या डोक्यात आधीच करवत फिरते आहे तो आणखी आत सरकतो, मोजा वर ओढतो आणि जखम दाखवायचीच बंद करतो. येल विद्यापीठात १९६५ साली हॉवर्ड लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग इथे आठवतो. विद्यार्थ्यांना धनुर्वाताची लस घ्यायला लावायचं होतं. काहींना अंगावर काटा आणणारी माहितीपत्रकं दिली, काहींना सौम्य. भयंकर पत्रकं वाचलेल्यांनी 'लस घेतलीच पाहिजे' असं जास्त जोरात सांगितलं. प्रत्यक्ष लस घ्यायला कोण गेलं? ज्यांच्या पत्रकात आरोग्य केंद्रावर खूण केलेला नकाशा होता आणि जायची वेळ आधीच ठरवून घ्यायला सांगितलं होतं, त्यांच्यातले साधारण २८ टक्के. नुसती माहिती मिळालेल्यांपैकी ३ टक्के. पत्रक किती भीतिदायक होतं, याने जाणाऱ्यांच्या संख्येत फरक पडला नाही, नकाशाने पडला. ते तरुण आणि धडधाकट विद्यार्थी होते, त्यांचा अनुभव साठीतल्या मधुमेह्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. तरी मधुमेही पायाच्या जनजागृतीसाठी काळ्या पडलेल्या बोटांचे फोटो भिंतीवर लावणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा वाचावा.

नकाशा म्हणजे व्यवहारात काय, ते आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी पाहायला मिळालं. यजमान दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत, तेव्हापासून बाईंनी त्या इमारतीचं नाव काढू दिलेलं नव्हतं. करंगळीखालची जखम चिघळली, कडेला लाली आली. मुलगा आरडाओरडा करून दमला. मग सून शेजारी बसली आणि म्हणाली, "आई, आपण आधी नुसतं रिक्षात बसू. गेटपाशी उतरू. तिथून परत यावंसं वाटलं तर परत येऊ, मी एक शब्द बोलणार नाही." गेटपाशी पाच-दहा मिनिटं गेली. मग केसपेपर. मग ओपीडीच्या बाकावर, पण दाराजवळच्या. सुनेने आत जाऊन सिस्टरला आधीच सांगून ठेवलं होतं की या फार घाबरतात, आधी बोला, मग पाय बघा, आणि बघताना काय करताय ते सांगत राहा. डॉक्टरांनी जखम पाहून ॲडमिट व्हायला सांगितलं तेव्हा बाईंनी एकच विचारलं, "रात्री हिला थांबू द्याल का?" थांबू दिलं. बोट गेलं नाही. रिक्षापासून ॲडमिट होईपर्यंतचं सगळं एका सकाळी झालं. परत फिरायची मोकळीक खरी होती, आणि बहुधा म्हणूनच ती वापरावी लागली नाही. प्रत्येक घरी हे जमेल असं नाही. बाई हट्टी होत्या, पण शुद्धीवर होत्या, आणि वेळ अजून हातात होता.

वेळ हातात नसतो तो कधी? लाली जखमेच्या कडेपासून २ सेंटीमीटरहून जास्त पसरली, पू किंवा घाण वास येऊ लागला, बोट काळं-निळं पडलं, थंडी वाजून ताप आला, उलट्या होऊ लागल्या, शुगर नेहमीच्या औषधांना दाद देईनाशी झाली, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इमर्जन्सीत जायचं. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नये. गंभीर संसर्गातही कित्येक मधुमेहींना ताप येत नाही. आणि अशा वेळी टप्प्याटप्प्याने नेण्याचा खेळ करायचा नाही; १०८ ला फोन करायचा.

इथे एक धोका घरच्यांच्या आणि कधीकधी डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो. घाबरण्याची लक्षणं आणि आजाराची लक्षणं सारखीच दिसतात. घाम फुटणं, थरथर, धडधड हा घबराटीचा झटका असू शकतो. रक्तातली साखर एकदम खाली गेल्याचीही तीच खूण आहे. धास्तीने जेवण गेलेलं, पण इन्सुलिन किंवा गोळी घेतलेली, असं असेल तर आधी ग्लुकोमीटर, मग समजूत. तसंच जंतुसंसर्ग रक्तात पसरला की नाडी मिनिटाला ९० च्या वर जाते, श्वास २० च्या वर, जीव कासावीस होतो. तज्ज्ञांच्या वर्गीकरणात तीव्र संसर्ग ओळखायच्या खुणांत हेच आकडे आहेत. मुळात घाबरट म्हणून प्रसिद्ध असलेल्या माणसाच्या बाबतीत 'टेन्शनमुळे होतंय, पाणी प्या' म्हणून हे सोडून दिलं जातं. संसर्ग झालेला पाय आणि जलद श्वास एकत्र असतील तर तो संसर्गच समजायचा, टेन्शनचा विचार नंतर.

धास्ती सगळ्यांची एकसारखी नसते, आणि तिच्यावरचा इलाजही एक नाही. काहींना सुईची आणि रक्ताची भीती असते. दर शंभरात तीन-चार जणांना ती आजार म्हणावी इतकी तीव्र असते. ही भीती बाकीच्या भीतींपेक्षा वेगळी, कारण हिच्यात रक्तदाब एकदम उतरून माणूस चक्कर येऊन पडतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात यावर साधा उपाय रुजवला. हातांचे, पोटाचे, मांड्यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सैल सोडायचे, थोडं थांबून पुन्हा तेच. जखम झालेला पाय यात वापरू नये, हात आणि दुसरी बाजू पुरते. रक्त आडवं पडून काढायला सांगावं, त्यात लाज कसली? ज्यांना बंद खोलीची भीती आहे त्यांनी एमआरआयच्या आधी ते सांगितलं तर सौम्य गुंगीचं औषध मिळू शकतं. शेजाऱ्याच्या डब्यातली झोपेची गोळी खाऊन किंवा दोन घोट घेऊन जाणं मात्र घातक, कारण भूल देणाऱ्याला पोटात काय आहे ते कळत नाही.

आणि काहींच्या बाबतीत भीतीखाली नैराश्य असतं. लंडनमध्ये पायाची पहिलीच जखम झालेल्या २५३ जणांचा मागोवा घेतला गेला. सुरुवातीलाच जवळपास तिघांत एकाला नैराश्य होतं, आणि दीड वर्षात त्या गटातलं मृत्यूचं प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट निघालं. 'काय करायचंय आता जाऊन' असं म्हणणारा माणूस भित्रा नसतो, तो खचलेला असतो. त्याला धीर देऊन भागत नाही. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून मोफत आहे. मन सावरण्याचे रीतसर उपचार आठवड्यांचे असतात आणि पायातला जंतू तेवढा थांबत नाही, म्हणून दोन्ही एकदम सुरू करावं लागतं. आधी मन, मग पाय असा क्रम लावत बसलं तर पाय हातचा जातो.

आत गेल्यावर काय करतात, हे बाहेर नीट कोणी सांगत नाही, आणि भीती त्या अंधारातच वाढते. पाय बघतात, नाडी चाचपतात, बोथट सळीने जखम किती खोल आहे आणि तळाशी हाड लागतं का ते पाहतात. एक्स-रे, रक्त, शुगर. सडलेला भाग खरवडून स्वच्छ करतात. या साफसफाईला पुष्कळदा फक्त घोट्याभोवती इंजेक्शन देऊन पाऊल बधिर करणं पुरतं. पाय मुळातच बधिर असल्यामुळे ड्रेसिंग वाटतं तेवढं दुखत नाही, हे ऐकून रुग्ण आधी हसतात आणि मग त्यांना ते पटतं. खोलवरच्या मांसाचा तुकडा कल्चरला जातो आणि त्यावरून अँटिबायोटिक ठरतं. मांसापुरता संसर्ग असेल तर साधारण एक ते दोन आठवडे, हाडात शिरला असेल आणि हाड काढलं नसेल तर सहा आठवड्यांपर्यंत. रक्तपुरवठा कमी असेल तर हृदयाची करतात तशीच पायाची अँजिओप्लास्टी. शेवटची पायरी सगळ्यांत रुक्ष आणि सगळ्यांत जास्त मोडली जाणारी: त्या पायावर भार टाकायचा नाही. प्लास्टर, वेगळा बूट, कुबडी, जे सांगतील ते.

भूल दिल्यावर न विचारता पाय कापतील, ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. कायदा इथे रुग्णाच्या बाजूने आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं की, एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावं लागलं तर तेवढा अपवाद. तेव्हा संमतीपत्र वाचून घ्यावं, 'फक्त साफसफाई, बोट काढायचं झाल्यास पुन्हा विचारावं' असं त्यावर लिहायला सांगावं. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचाही हक्क आहे. हेही सांगायला हवं की, कधीकधी एक बोट काढणं हाच पाय वाचवण्याचा मार्ग असतो. बोट आणि पाय यांच्यातला फरक भीतीच्या भरात पुसला जातो, आणि बोट वाचवण्याच्या हट्टात गुडघा जातो.

पैशाचं बोलायला माणसं लाजतात आणि त्याला भीतीचं नाव देतात. 'मला सुईची भीती वाटते' यातला निम्मा भाग बिलाचा असतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, ते योजनेच्या यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांना. तिथे बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधीच भेटून यावं. हे काम रुग्णाने स्वतः जाऊन करायची गरज नाही, मुलगा किंवा पुतण्या करू शकतो, आणि घाबरलेल्या माणसासाठी घरच्यांनी करायच्या कामांत मी हे धीर देण्याच्या आधी ठेवीन.

व्यवस्थेचा वाटा यात लहान नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये मायकेल एडमंड्स यांनी १९८१ च्या सुमारास पायाचा स्वतंत्र दवाखाना सुरू केला, जिथे सर्जन, मधुमेहतज्ज्ञ, परिचारिका आणि बूट बनवणारा एकाच छपराखाली होते. इंग्लंडमधल्या इप्सविच शहरात अशाच एकत्रित कामामुळे २००५ पर्यंतच्या अकरा वर्षांत मोठ्या अंगच्छेदांचं लोकसंख्येच्या मानाने असलेलं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे तोच रुग्ण शुगरला एका मजल्यावर, नसांना दुसऱ्या इमारतीत आणि चपलेला कुठेच नाही, असा फिरतो. धाडस गोळा करून आलेल्या माणसाला तीन खिडक्यांवर 'इथे नाही, तिकडे' ऐकावं लागलं की चौथ्या खिडकीऐवजी तो रिक्षा स्टँड गाठतो. आणि 'आत्तापर्यंत काय झोपला होतात?' हा पहिला प्रश्न. बोस्टनचे एलियट जॉस्लिन यांनी १९३४ साली मधुमेही गँगरीनवर लिहिताना ही दैवाची करणी नसून टाळता येण्यासारखी गोष्ट आहे, असं बजावलं होतं. ते बरोबरच होतं. पण 'टाळता आलं असतं' याचं 'तुमचीच चूक' होतं तेव्हा माणूस लाजेने जखम लपवतो. पहिल्याच भेटीत 'आलात ते बरं केलं' एवढं म्हणायला खर्च येत नाही.

जखम भरली की घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो, आणि तपासण्या थांबतात. भरलेल्या जखमांपैकी साधारण ४० टक्के वर्षभरात पुन्हा होतात, पाच वर्षांत ६५ टक्के. म्हणजे बहुतेकांना तो रस्ता पुन्हा चालायचा आहे, आणि दुसऱ्या वेळची धास्ती पहिल्या अनुभवावर ठरते. मधल्या काळात घरी करण्यासारखी एक तपासणी इप्सविचच्याच डॉक्टरांनी दिली आहे, तिला काहीच साहित्य लागत नाही. रुग्णाने डोळे मिटायचे. घरातल्या कोणी दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकाशी एक-दोन सेकंद हलकेच बोट टेकवायचं, दाबायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर पाय बधिर आहे असं धरून चालायचं, आणि त्यापुढे रोज रात्री तळवे कोणी पाहायचे हे त्याच बैठकीत ठरवायचं. त्याच वेळी एका प्लास्टिकच्या पिशवीत चालू औषधांची यादी, कशाची ॲलर्जी आहे, मागचे कल्चर रिपोर्ट, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि रात्री सोबत कोण येईल त्याचा फोन नंबर घालून ती दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवावी.